काटा खाली येईपर्यंत

"मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावे. मुहूर्ताची वेळ जवळ आलेली आहे."

भोंग्यातून हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी मागच्या खोलीत, खिडकीला दोन चादरी लावून पलंगावर बसले होते. अंगावर मोरपंखी शालू, हातात हिरवा चुडा, केसांत गजरा. घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्न शाळेच्या मैदानात होतं, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी नवरीची एकुलती एक वहिनी होते आणि अशी नटूनथटून अंधारात बसले होते.

नटायचं कारण एवढंच, की सकाळी निघताना नीमानं हट्ट धरला होता.

"वहिनी, तो मोरपंखी शालू नेस."

"मी कुठं येऊन राहिली मांडवात? घरात बसायला शालू कशाला?"

"मी जाईन तेव्हा मले तू नेसलेली दिसली पाहिजे. बस."

लग्नाच्या दिवशी नवरीशी कोण वाद घालतं? मी नेसले. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि बायकांच्या घोळक्यातून निघून गेली. मग सगळेच गेले. यांच्या काकू शेवटी निघाल्या. जाता जाता त्यांनी माझ्याकडे आणि शालूकडे पाहिलं आणि दार जरा जोरातच लावलं.

मला ल्युपस आहे. आता हे नाव लोकांना ऐकून तरी माहीत असतं. तेव्हा आमच्या दारव्ह्यात डॉक्टरांनाही ते सावकाश उच्चारावं लागायचं. सुरुवातीला गालांवर लाल चट्टे आले, मग सांधे धरले, मग ताप निघेना. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि म्हणाले, "औषधं मी देतो. पण ऊन तुम्हाला चालणार नाही. अजिबात नाही." मी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला ऊन चालणार नाही म्हणजे तिनं राहायचं कुठं?

त्याच डॉक्टरांनी मला ते यंत्र दिलं. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेलं, साबणाच्या डबीएवढं. वर दुधी काच, खाली बारीक काटा आणि काट्यामागे तीन पट्टे: पांढरा, पिवळा, लाल. ऊन किती कडक आहे ते हा काटा सांगायचा. त्याला सेल लागत नव्हते, ते उन्हावरच चालायचं. पांढऱ्यात असेल तर बिनधास्त बाहेर जा. पिवळ्यात असेल तर छत्री, लांब बाह्या आणि लवकर परत या. लाल असेल तर उंबरा ओलांडायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, ढग असले तरी फसाल. काट्याला विचारा."

घरात त्या यंत्राला आम्ही काटाच म्हणायला लागलो. दाराजवळच्या खिळ्याला तो टांगलेला असे आणि तो पाहायचं काम नीमानं स्वतःकडे घेतलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. सासू-सासरे आधीच गेलेले. तिची पहिली वेणी मी घातली, तिला पहिली साडी मी नेसवली, तिच्या शाळेत मीच जायचे. माझी दोन बाळंतपणं अर्धवट राहिली आणि तिसऱ्याला डॉक्टरांनी हात जोडून नाही म्हटलं. त्यानंतर नीमाला कोणी माझी नणंद म्हटलं की मला ते खोटं वाटायचं. सकाळी कॉलेजला निघण्याआधी ती गच्चीवर जाऊन यायची आणि जिन्यातूनच ओरडायची, "वहिनी, लाल हाये. बैस आत." जसं काही ऊन तिनंच लाल केलं होतं.

एका पोळ्याला मी काटा न पाहता बैल बघायला बाहेर उभी राहिले. आभाळ भरून आलेलं, ऊन कुठंच दिसत नव्हतं. आठवडाभरात मी नागपूरच्या दवाखान्यात होते आणि लघवीतून रक्त जात होतं. नीमानं त्या वर्षीची परीक्षा सोडली आणि माझ्या खाटेशी बसली. घरी आणल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुन्हा असं केलं तं मी तुझ्याशी बोलणार नाही." ती खरंच बोलली नसती. पोरगी हट्टी होती.

तिचं लग्न वणीच्या मत्ते कुटुंबात ठरलं. मुलगा अरविंद, वीज मंडळात. मुहूर्त भर दुपारचा निघाला. नीमा काकाजींना म्हणाली, "गोरजाचा नाही का धरता येत?"

"गोरजावर लग्न लागलं तं वऱ्हाड कधी जेवंन आन् कधी निघंन?" काकाजी म्हणाले. "वाटेत जंगल हाये. दिवसाउजेडी पोरगी घरी लागली पाहिजे."

काकाजी म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. घरात वडीलधारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. भर दुपारी मांडवात दोन-तीन तास बसणं मला शक्य नव्हतं. मग कन्यादानाचं काय? भाऊ-वहिनीनंच ते करायचं होतं. मी त्या दिवसाची वाट किती वर्षं पाहत होते हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं ते वाटतच नव्हतं. पोटचं मूल होणार नव्हतं. निदान एकदा, हातात हात घेऊन, ही माझी मुलगी म्हणून द्यायला मिळणार होतं.

काकूंनी तो प्रश्न चुटकीसरशी सोडवला. "बायको हजर नसली तं नवऱ्यानं कमरेले सुपारी खोचावं. शास्त्रात हाये. भटजीले विचारा."

भटजींनीही मान डोलावली. बायकोच्या जागी सुपारी चालते.

मी दारामागे उभी होते. हे काही बोलले नाहीत. यांचा स्वभावच तसा, गप्प बसून वेळ निभावून न्यायचा. त्या दिवशी मला त्याचा संताप आला. मी जिवंत होते, त्याच घरात होते, त्याच गावात होते, आणि माझ्या जागी सुपारी बसणार होती.

"उन्हानं कोणाले रोग होते काय?" काकू बाहेर कोणाला तरी सांगत होत्या. "आम्ही जन्म वावरात काढला. निंदण केलं, कापूस येचला. ते डबी आणल्यापासून तिचं सोंग वाढलं."

लग्नाआधी काही दिवस नीमा काटा घेऊन कुठंकुठं फिरायला लागली. गच्चीवर, अंगणात, शाळेच्या मैदानात. मांडव घातला तेव्हा तर ती मांडवाखाली उभी राहून काटा पाहत होती म्हणे. मी रागावले.

"खेळणं आहे का ते? पडलं, फुटलं तर दुसरं कुठून आणू मी?"

"मांडवाखालीबी पिवळ्याच्या वरच राहते व वहिनी."

"मग? कापडातून ऊन गळतं. मला काय माहीत नाही?"

 ती काटा खिळ्याला लावून निघून गेली. मला वाटलं, उगाच बोलले, चार दिवसांची पाहुणी आहे आता.

आणि लग्नाच्या सकाळी सगळे निघून गेल्यावर मी दाराशी गेले तर खिळा रिकामा. काटा नव्हता.

माझा संशय सरळ काकूंवर गेला. आदल्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, एक दिवस तं ते डबी मधात आणू नको. मी सगळं घर शोधलं, फडताळं, उतरंडी, अगदी पिठाचा डबासुद्धा. कुठं नाही. काटा नाही म्हणजे मी आंधळीच झाले. ओसरीवर पाऊल ठेवायची चोरी. मग मी मागच्या खोलीत येऊन चादरी लावल्या आणि बसले, आणि तेवढ्यात भोंगा बोलला.

"मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावे."

आमच्याकडे लग्न वेळेवर लागलं तर घरात काही बरं-वाईट झालं का म्हणून लोक विचारतात. म्हणून पहिल्या हाकेनंतर मी मांडी घालून आरामात बसले. अजून वरात नाचेल, वाजंत्री दमेल, मामा पान खाऊन येईल. मनातल्या मनात मी सगळं पाहत होते. आता नवरी उभी राहिली असेल. आता अंतरपाट धरला असेल. मंगलाष्टकं सुरू झाली की मी उठून उभी राहणार होते. मूठभर अक्षता मी पलंगाच्या उशाशी ठेवल्या होत्या. भिंतीवर टाकणार होते.

पण मंगलाष्टकं सुरू होईनात.

"मुलीच्या मामांना पुन्हा एकदा विनंती करण्यात येते..."

वाजंत्री थांबली. एक गाणं लागलं, ते संपलं, पुन्हा तेच लागलं. मग काकाजींचा आवाज आला, भोंग्याच्या अगदी जवळून: "अरे बंद कर थे आधी." मग खरखर. मग बराच वेळ काहीच नाही. मी उठून चादर जरा बाजूला केली. गल्लीत एक कुत्रं सावलीला पडलं होतं, बाकी सगळं पांढरंफटक.

नंतर भोंगेवाला म्हणाला, "पाहुणे मंडळींनी भोजन करून घ्यावे. लग्न थोड्या विलंबाने लागेल."

 अक्षता पडायच्या आधी पंगती बसवायच्या म्हणजे काहीतरी बिनसलं. मुलाकडच्यांनी काही मागितलं का? नीमाला चक्कर आली का? सकाळपासून उपाशी असेल. काकाजी कोणावर तरी ओरडले असतील, त्यांना तेवढंच येतं. हे तोंड मिटून उभे असतील. तिला माझी गरज असेल. तिला अशा वेळी माझीच गरज लागते, लहानपणापासून.

मी चप्पल घातली. छत्री घेतली. दार उघडलं तर उंबऱ्यावर ऊन असं पसरलेलं की डोळे मिटले. मी हात बाहेर काढला आणि परत आत घेतला. काटा असता तर निदान लाल आहे की पिवळं एवढं तरी कळलं असतं. पिवळं असतं तर मी गेले असते. मग खाटेशी बसलेली नीमा आठवली, तिचं ते "बोलणार नाही." मी चप्पल काढली, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून खाली बसले. शालू चुरगळला तरी फिकीर नव्हती. मी तिथं बसून मोकळेपणी रडले, कारण ऐकायला कोणीच नव्हतं. मला मदतीला जाता येत नव्हतं आणि मला कोणी बोलवतही नव्हतं.

भोंगा पुन्हा एकदा मामांना बोलावून गप्प झाला. त्यानंतर नुसती भांड्यांची आणि पंगतींची गडबड ऐकू येत राहिली.

ऊन कलायला लागल्यावर दारावर थाप पडली.

"घरात कोण हाये?"

दार उघडलं तर बाहेर वरमाय. वणीच्या मत्तेबाई, जरीकाठी पातळात, हातात छत्री, कपाळावर घाम. मी त्यांना साखरपुड्याला मागच्या खोलीतून पाहिलं होतं तेवढंच. वरमाय भर लग्नातून चालत वधूच्या घरी आली म्हणजे आता लग्न मोडलं, असंच मला वाटलं. मी वाकून नमस्कार करायला लागले तर त्या म्हणाल्या, "राहू दे ते. आधी आत सरक. उन्हात नको उभी राहू."

आत आल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं. चट्टे पाहिले. मला लपावंसं वाटलं.

"हे लागट तं नाही ना, दुसऱ्याले होनारं?" त्यांनी सरळ विचारलं.

"नाही."

"नाही म्हनते तं नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "म्या म्हटलं, पाहून तं येऊ कोण हाये हे, जिच्यासाठी माझा पोरगा बाशिंग बांधून सुकून राहिला."

"माझ्यासाठी?"

"मंग कोणासाठी? तुमची नवरी शाळेच्या वर्गात बसली हाये, आतून कडी लावून. हातात ते डबी. मामा बोलवून थकला, तुमचे काकाजी वरडून वरडून बसले. दाराच्या फटीतून येकच गोष्ट सांगते. काटा खाली येऊ द्या, माझी वहिनी येऊ द्या, मंग मी येतो. सुपारीच्या हातून मले कोणी देऊ नका म्हनते."

 मला आधी काकू आठवल्या, आणि तो पिठाचा डबा.

"तुम्ही तिला सांगा," मी म्हणाले. "मी येत नाही म्हणावं. लग्न लावून घ्या. तुम्हाला लांब जायचं आहे. मी इथून अक्षता टाकते, माझं काही नाही."

"सांगतलं ना. म्हनते, वहिनीले नका विचारू, ते कधीच हो म्हणनार नाही. काट्याले विचारा."

"काकाजी?"

"काकाजी माझ्या पाया पडायले आले. म्हनते, पोरीचं डोकं फिरलं, माफ करा." त्यांनी पदरानं मान पुसली. "खरं सांगू? माझंबी फिरलं होतं. अरविंदाले म्हटलं, ऊठ, जीपमध्ये बैस, घरी चाल. इतका अपमान कोणी केला नाही आमचा. तं तो म्हनते, आई, थांबू ना. संध्याकाळ तं होतेच रोज."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज जरा खाली आला.

"मग तुम्ही काय ठरवलं?" मी विचारलं.  नीमाचं सगळं आयुष्य त्या बाईच्या पुढच्या वाक्यावर होतं आणि त्याला कारण मी होते.

"काय ठरवू? म्या इचार केला, उद्या म्हातारपणी म्या खाटेवर पडली, तं अशीच कडी लावून बसणारी सून बरी." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "पोरंबाळं किती तुले?"

"नाही झाली."

त्यांनी हातातली छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "चहा हाये का घरात?"

मी उठले. आमच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी होती आणि त्या वेळी चुलीपुढची सगळी फरशी उन्हानं भरलेली असायची. मी दारातच थांबले. त्यांच्या ते लक्षात आलं.

"बैस तू. म्या टाकतो."

"अहो, नाही, तुम्ही वरमाय..."

"वरमायले चहा येत नाही काय?"

आणि त्यांनी टाकला. ज्या बाईच्या मानपानासाठी आम्ही महिनाभर झोपलो नव्हतो, जिचे पाय धुवायला पितळी परात घासून ठेवली होती, ती माझ्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होती. काकूंनी पाहिलं असतं तर त्यांना चक्करच आली असती. मी दाराच्या चौकटीला टेकून सांगत होते, डावीकडे वर, नाही, त्याच्या मागे. कितीतरी वर्षांत उन्हाच्या वेळी माझ्यासोबत घरात कोणी थांबलं नव्हतं. सगळे बाहेर जायचे, संध्याकाळी परत यायचे आणि मला काय काय झालं ते सांगायचे. मला ते सगळं उष्टं वाटायचं.

चहा पिऊन आम्ही बसून राहिलो. त्या त्यांच्या गाईची गोष्ट सांगत होत्या, मी नीमाच्या शाळेची. मधेच त्या उठून स्वयंपाकघरात डोकावायच्या. "अजून हाये फरशीवर." मग काही वेळानं, "आता भिंतीवर चढलं." मग एकदा त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या. ऊन गेलं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बाहेर गुरं परतायला लागली होती. घंट्यांचा आवाज आला आणि धुळीचा वास. तेवढ्यात भोंगा खरखरला.

मला वाटलं, पुन्हा मामा.

"काटा..." भोंगेवाला अडखळला. कोणीतरी त्याला मागून सांगत असावं. "काटा पांढऱ्यात आलेला आहे. मुलीच्या वहिनींनी मंडपात यावे. पुन्हा एकदा. मुलीच्या वहिनींनी मंडपात यावे."

सगळ्या दारव्ह्यानं ते ऐकलं असेल. काटा म्हणजे काय, पांढरं म्हणजे काय, कोणाला काही कळलं नसेल. मी तशीच बसून राहिले. मला भीती वाटली, उठले तर ते थांबेल आणि कळेल की मी चुकीचं ऐकलं.

"ऊठ आता," मत्तेबाई म्हणाल्या. "का तुझ्या मामाले बोलावू?"

आम्ही निघालो. गल्लीतून गाई जात होत्या, धूळ उडत होती आणि त्या धुळीत मी छत्रीशिवाय चालत होते. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मांडवाच्या दाराशी काकू भेटल्या. त्यांचा चेहरा असा होता की रागवावं की पदर सावरावा हेच त्यांना कळेना. वरमायच माझा हात धरून चालत होती म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला.

काकाजी भटजींपाशी उभे होते. "मुहूर्त तं गेला," ते म्हणत होते.

"गोरजाला पंचांग पाहावं लागत नाही," भटजी म्हणाले. "आणि माझ्या पोटात आता कावळे ओरडून राहिले. घ्या अंतरपाट."

वर्गाची कडी निघाल्याचा आवाज झाला. नीमा बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आपल्या मामापाशी गेली आणि मान खाली घालून पाटावर उभी राहिली, जशी काही दिवसभर गरीब गाईसारखी वाटच पाहत होती. मंगलाष्टकं झाली. मी अक्षता टाकल्या. भिंतीवर नाही, तिच्यावर टाकल्या.

मग कन्यादानाला बसलो. भटजी यांना म्हणाले, "कमरेची सुपारी काढा." यांनी ती काढली आणि काय करावं न सुचून तोंडात टाकली.

"अहो, ती खायची नसते," भटजी म्हणाले.

हे चघळतच राहिले. यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात यांनी माझ्या बाजूनं केलेलं ते सगळ्यात मोठं भाषण.

"मुलीचा हात घ्या. उजवा."

नीमानं हात पुढे केला. मी तो उघडला. मेंदी छान रंगली होती, मोर, वेलबुट्टी, मधे गोल. आणि त्या सगळ्यावरून आडवा, तळव्यात खोल रुतलेला एक चौकोन होता, साबणाच्या डबीएवढा. कडा लाल झाल्या होत्या, एका कोपऱ्याला कातडी सोलवटली होती. दुपारपासून तिनं काटा खाली ठेवलाच नव्हता. खिडकीशी धरून उभी होती, आणि हे ऊन आहे, हाताखाली दाबून ते लवकर उतरत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भटजी मंत्र म्हणत होते. माझ्या हातातून पाण्याची धार त्या चौकोनावर पडत होती. तिला झोंबलं असणार, पण तिनं हात हलवला नाही. मी ही माझी मुलगी तुम्हाला दिली असं म्हणायचं होतं ते भटजींच्या मागून मी म्हटलं. मला ते नीट म्हणता आलं नाही.

पाठवणीला उशीर झालाच होता. जीपमध्ये बसताना तिनं काटा माझ्या हातात दिला. "आता तूच पाहत जा," ती म्हणाली. "ढग असले तरी पाहा." मग ती माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की मत्तेबाईंना तिला सोडवावं लागलं. जाताना त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "बरं हाये ना व? आपला चहा पक्का." पुढे तो पक्का राहिला. दरवर्षी त्या एकदा यायच्या, नेमक्या उन्हाळ्यात, आणि दुपारी कुठंही जायच्या नाहीत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ.

हे पाहुण्यांना बसवर पोचवायला गेले होते. मी सवयीनं जिन्यातून हाक यायची वाट पाहिली आणि मग माझ्या लक्षात आलं. काटा खिळ्याला होता. मीच तो काढला, दारातून हात बाहेर धरला, काटा सरकत सरकत लालमध्ये गेला. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. घरात हळदीचा वास होता आणि कालच्या चहाचे दोन कप तसेच होते.

शाळेच्या मैदानात मांडव सोडत होते. बांबू पडल्याचे आवाज येत होते. भोंगा उतरवण्याआधी त्या भोंगेवाल्यानं तो चालतो का ते पाहायला एकदा फुंकर मारली. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो, हॅलो."

तो पुढे काही म्हणेल म्हणून मी पुष्कळ वेळ तिथंच उभी होते.